चार दिवस, सहा कुलुपं आणि नाशिक

"बाबा, आपण फिरायला चाललोय की बँकेची कॅश पोचवायला?"

निघायच्या आदल्या रात्री कन्येने विचारलं. हॉलमध्ये मी सामान मांडून बसलो होतो. मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या दोन सॅडल बॅगा, टाकीवर बसणारी एक चुंबकाची टँक बॅग, सामान आवळायची बंजीची (हुकांची, ताणणारी) जाळी आणि त्यांच्या शेजारी ओळीने कुलुपं. अलार्मवालं डिस्क लॉक (पुढच्या ब्रेकच्या चकतीत अडकवायचं), हाताच्या अंगठ्याएवढ्या जाड कड्यांची साखळी आणि तिचं कुलूप, हेल्मेटसाठी केबल, बॅगांच्या झिपांना दोन छोटी नंबरवाली. गाडीचं स्वतःचं हँडल लॉक धरलं तर सहा.

हे वेड कुठून आलं ते सांगून टाकतो. अकरा-बारा वर्षांपूर्वी माझी जुनी गाडी स्टेशनाबाहेरून गेली. हँडल लॉक होतं. नंतर कळलं, हँडल लॉक म्हणजे एका लाथेचं काम. पोलिसांनी तपास करून शेवटी 'अ समरी' केली, म्हणजे चोरी खरी, पण चोर सापडला नाही. विमावाल्यांनी दोन्ही किल्ल्या मागितल्या. माझी दुसरी किल्ली दोन वर्षांपूर्वीच हरवली होती. पुढचे सात महिने मी जे पत्रव्यवहार केले तेवढी पत्रं मी लग्नाआधी हिलाही लिहिली नव्हती. तेव्हापासून दुसरी किल्ली कपाटात, कागदपत्रांच्या पिशवीत असते.

यंदा कन्येची बारावी झाली, कॉलेजात रुळली, डिसेंबरात चार दिवस मिळाले. तिला नाशिक बघायचं होतं, मला बुलेट लांब न्यायची होती.

दिवस पहिला : चिंचवड ते नाशिक, मध्ये एक भोक

पहाटे साडेपाचला निघालो. चाकण उजाडायच्या आत ओलांडलं की अर्धा गड सर झाला. आळेफाट्याला चहा, बोटं कपाला चिकटवून.

मागे माणूस बसणार असेल तर सामानाचं गणितच बदलतं. एकटा असलो की मागच्या सीटवर एक मोठी टेल बॅग बांधली की झालं. दोघं असलो की सीट गेली, उरल्या दोन्ही बाजू आणि टाकी. मागे पत्र्याची किंवा फायबरची डिकी लावता येते, तिला कुलूपही पक्कं असतं, पण ती बसते मागच्या चाकाच्याही मागे. तिथे वजन टाकलं की पुढचं चाक हलकं होतं. एकदा कोकणात उतारावर माझं हँडल असं डुलायला लागलं होतं की घरी आल्यावर डिकी काढून ठेवली. आता तिच्यात दिवाळीचे कंदील असतात.

तर सॅडल बॅगा. नियम एकच, जड सामान खाली आणि पुढे, आणि दोन्ही बाजूंना सारखं. हा नियम मला तोंडपाठ होता. तरीही सहा कुलुपांतलं सगळ्यात जड, तीनेक किलोंची ती साखळी, मी उजव्या बॅगेत टाकली, कारण डावीत कन्येची पुस्तकं होती. बुलेटचा सायलेन्सर उजवीकडे.

चंदनापुरी घाटात वळणं सुरू झाली तसं मागून आवाज आला, "बाबा, काहीतरी जळतंय." मला वाटलं क्लच. थांबून पाहिलं तर उजवी बॅग साखळीच्या भाराने लोंबून सायलेन्सरवर टेकली होती. खालच्या कोपऱ्याला रुपयाएवढं भोक. आतल्या स्वेटरची बाही करपलेली. चोरापासून वाचवायला घेतलेल्या साखळीने पहिल्या तीन तासांत बॅग खाल्ली.

संगमनेर मागे टाकून सिन्नर गाठलं, साखळी तोवर कन्येच्या मांडीवर. सिन्नरला बसस्टँडजवळ सीट कव्हर शिवणारे एक काका भेटले. बॅग उलटी करून बघितली आणि म्हणाले, "शिवून देतो, पण परत जळंल. पट्टी नाही बसवली?" ही पट्टी म्हणजे सॅडल स्टे, बॅग चाकाकडे आणि सायलेन्सरकडे झुकू नये म्हणून बाजूला लावायची लोखंडी चौकट. मी ती 'दिसायला बरी नाही' म्हणून घेतली नव्हती.

काका मूळचे येवल्याचे. त्यांचे वडील घोडेबाजारात खोगिरं शिवून द्यायचे. "साहेब, घोड्यावर पण दोन्ही बाजू तोलून घ्यावं लागतं. एक बाजू जड झाली की घोडं लंगडतं, अन् मालक म्हणतो घोडं खराब आहे." ट्रकच्या जुन्या ताडपत्रीचं दुहेरी ठिगळ मारलं, शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून सळई वाकवून आणली, गार्डला वेल्डिंग न करता क्लॅम्पने बसवली. सगळे मिळून साडेचारशे. बॅगा परत बांधण्याआधी दोन्ही हातांत एकेक धरायला लावली. "डोळे मिटा अन् सांगा कोणती जड." मी चुकीची सांगितली. कन्येने बरोबर सांगितली. ठिगळ आजही बॅगेच्या बाकी कापडापेक्षा मजबूत आहे.

गाडी त्यांच्याच दुकानासमोर ठेवून गोंदेश्वर पाहून आलो. यादवकाळातलं शिवमंदिर, पंचायतन. मधलं मोठं शंकराचं आणि चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, पार्वती, गणपती यांची लहान देवळं. काळ्या दगडावर दुपारची उन्हं तिरकी पडली होती आणि आवारात आम्ही धरून सात माणसं. तासभर बसलो. बॅगांची आठवण एकदाही झाली नाही. मी बॅगांवर नजर ठेवत बसलो असतो तर देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरचे ते हत्ती मला दिसले नसते.

संध्याकाळी नाशिक. मुंबई नाक्याच्या जवळ लॉज घेतला. लॉज निवडताना खोली नंतर बघा, आधी पार्किंग. खांब आहे का, गेट रात्री बंद होतं का, आणि पार्किंग रिसेप्शनवरून दिसतं का.

दिवस दुसरा : मिसळ, रामकुंड आणि एक गाय

सकाळी मखमलाबाद रस्त्याला मिसळ. नाशिकची मिसळ हा वादाचा विषय आहे, मी त्यात पडत नाही. चुलीवरचा काळा रस्सा, पापड, दही, आणि शेवटी जिलबी. पुणेकर म्हणून मला जिलबी आधी विचित्र वाटली, मग दुसरी मागवली. द्राक्षाच्या वेलींना घड लागलेले होते, पण अजून हिरवे, आंबट. खरा हंगाम फेब्रुवारी-मार्चचा.

तिथून पंचवटी. काळाराम मंदिराच्या पूर्व दाराशी कन्या जरा जास्त वेळ थांबली. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, हे तिच्या पुस्तकात होतं. "पुस्तकात दार मोठं वाटलं होतं," ती म्हणाली.

रामकुंडाजवळ गल्ल्या अरुंद आणि गर्दी बारमाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीने ठिकठिकाणी खोदाई, त्यामुळे गाड्या दिसेल तिथे. एका फुलवाल्या मावशींच्या शेजारी जागा मिळाली. मी डिस्क लॉक लावलं, अलार्म चालू केला आणि घाटाकडे निघालो. पायऱ्यांवर पाय बुडवून बसलो नाही तोच आवाज. ११० डेसिबल हा आकडा खोक्यावर वाचायला छान वाटतो, घाटावर ऐकायला नाही. तर्पणाला बसलेले लोक मान वळवून बघायला लागले. एका गुरुजींचा मंत्र अर्ध्यावर थांबला.

मी धावलो. गाडीला एक पांढरी गाय मान घासत होती. एकदा घासलं की अलार्म बोंबलायचा, गाय दचकायची नाही, उलट तिला ते आवडत होतं बहुतेक. मावशी हसून हसून फुलं ओवायच्या राहिल्या. "तुमची गाडी गोमातेला नाही म्हणती का हो?"

तर सांगायचं असं, की हे अलार्म हलण्यावर चालतात. गाय, मूल, शेजारची गाडी काढणारा माणूस, सगळे त्याच्या लेखी चोर. रात्री बंद पार्किंगमध्ये उत्तम. दिवसा गर्दीत तो तुमचीच अब्रू काढतो. बटणाएवढे सेल लागतात, ते थंडीत लवकर उतरतात असा माझा अनुभव आहे, एक जोड जवळ ठेवावा. दिवसभर मग अलार्म बंद ठेवून नुसतं लॉक वापरलं. हेल्मेटं हातातच घेऊन फिरलो. केबलने हेल्मेट गाडीला बांधता येतं, पण बांधलेलं असतं ते फक्त हनुवटीच्या पट्ट्याने, आणि पट्टा ब्लेडने कापता येतो. महागाचं हेल्मेट असेल तर हात दुखू द्यावा.

रात्री लॉजच्या गेटवर वॉचमनकाकांनी शेकोटी केली होती. सुरगाण्याकडचे, साठीच्या पुढचे. नागलीची भाकरी आणि ठेचा डब्यात, अर्धी भाकरी आम्हाला मोडून दिली. मी खांबाला साखळी बांधत होतो ते बघत होते. म्हणाले, "चोर कुलूप नाही बघत दादा. चोर खोकला ऐकतो. मी दर अर्ध्या तासाने खोकतो." कन्येने विचारलं, झोप लागली तर? "झोपेत पण खोकतो."

दिवस तिसरा : मी पडलो, माकड जिंकलं

आता जे लिहितो ते न लिहिण्याचा मोह झाला होता.

सकाळी साडेसहाला त्र्यंबकला निघायचं म्हणून घाई. बॅगा बांधल्या, साखळी काढली, किक मारली, पहिला गिअर टाकला. गाडी फूटभर पुढे गेली आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. डिस्क लॉक काढायचं राहिलं होतं. मी आणि बुलेट संथपणे, अगदी शांतपणे, उजव्या कुशीवर. कन्या अजून बसली नव्हती हे नशीब. डिस्क लॉकबरोबर एक नारिंगी रंगाची, स्प्रिंगसारखी केबल मिळते, ती लॉकपासून हँडलपर्यंत लावायची म्हणजे बसल्या बसल्या दिसते. ती माझ्याकडे होती. घरी. खोक्यात.

लेगगार्ड आणि ठिगळवाली सॅडल बॅग यांनी मिळून टाकी आणि माझा पाय वाचवला. पुढचं मडगार्ड मात्र घासायला लागलं आणि डिस्कचा करकर आवाज. सातपूरला, त्र्यंबक रोडवर, शटर उघडत असलेला एक मेकॅनिक सापडला. चाक उचलून हाताने फिरवलं, कान लावला. "डिस्क वाचली. लॉक कुठं लावलं होतं, कॅलिपरला चिकटून ना?" कॅलिपर म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग. हो म्हटलं. "म्हणून वाचली. लांब लावलं असतं तर चाकाला पळायला जागा मिळाली असती, जोरात आपटलं असतं." हे मला माहीत नव्हतं. आता तुम्हाला माहीत झालं.

चहा पाजला तसा तो बोलता झाला. त्याच्याकडे चोरीतून परत मिळालेल्या गाड्या दुरुस्तीला येतात. त्याचं म्हणणं, डिस्क लॉक चाक अडवतं, पण दोघं जण गाडी उचलून टेम्पोत टाकतात त्याला ते काय करणार? म्हणून गाडी कशाला तरी बांधलेली हवी. साखळी नुसती चाकातून घातली तर चाक सोडून बाकीची गाडी नेतात. फ्रेममधून घालायची आणि खांबाला. आणि कुलूप जमिनीवर लोळू द्यायचं नाही. जमिनीवर ठेवलेल्या कुलपावर हातोडा बसतो, हवेत लटकणाऱ्या कुलपावर नीट बसत नाही. मी दोन रात्री साखळी जमिनीवर पसरून झोपलो होतो.

तासाभरात गाडी तयार. पैसे विचारले तर म्हणाला, "चहा तुम्ही दिलाय, शंभर द्या."

विम्याचंही इथेच लिहून ठेवतो, कारण मेकॅनिककडेच तो विषय निघाला. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपया मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी नंतर लावलेली डिकी, स्टे, जास्तीचे दिवे हे पॉलिसीत वेगळे नोंदवून हप्ता भरला असेल तरच धरतात. गाडी गेलीच तर ११२ ला फोन, मग ठाण्यात एफआयआर, त्याची प्रत फुकट मिळते, आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवायचं. उशीर केला की भांडण उशिरावर सुरू होतं, चोरी बाजूलाच राहते. आणि दोन्ही किल्ल्या. पुन्हा सांगतो, दोन्ही.

अंजनेरीचा डोंगर डाव्या हाताला बघत, धुकं फाडत त्र्यंबकला पोचलो. दर्शनाची रांग बरीच होती, कन्या म्हणाली आधी ब्रह्मगिरी. गोदावरी जिथे उगम पावते तो डोंगर, आणि ज्या गावाने दादासाहेब फाळके दिले ते हे गाव (जन्म ३० एप्रिल १८७०). मी हे सांगेपर्यंत ती दहा पायऱ्या पुढे गेली होती.

सॅडल बॅगा गावात एका खानावळीत ठेवल्या. मालकीणबाई म्हणाल्या, "ठेवा, पण येताना जेवून जा." याहून रास्त भाडं मी ऐकलेलं नाही. मऊ बॅगांचा खरा फायदा हाच, दोन पट्टे सोडले की हातात. गाडीवर बॅगा ठेवून झिपेला कुलूप लावणं म्हणजे मनाचं समाधान आहे. प्लॅस्टिकच्या दातांची झिप बॉलपेनच्या टोकानेही मधून उसवते. त्यामुळे कुलूप चोराला थांबवत नाही, हात सहज आत घालणाऱ्याला थांबवतं. तेवढं पुरे असतं बहुतेक वेळा.

टँक बॅग मात्र मी बरोबर घेतली, कारण ती चुंबकाने बसते, ओढली की निघते, आणि चोरालाही तशीच निघते. तिच्यात मोबाईल, पाकीट, पाणी आणि आदल्या दिवशी घेतलेला अर्धा किलो नाशिकचा चिवडा. बॅगेला खांद्याचा पट्टा आहे. कुलूप नाही, सहाच्या पुढे मी गेलो नव्हतो.

वर दगडी पायऱ्यांच्या एका वळणावर दम खायला बसलो. बॅग शेजारी. एका लालतोंड्या माकडाने येऊन माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं, आणि झिपेचं टोक धरून ती उघडली. फाडली नाही, चावली नाही. उघडली, माणसासारखी. पाकीट बाजूला सारलं, मोबाईल बाजूला सारला, चिवड्याची पिशवी काढून घेतली आणि कठड्यावर बसून खायला लागलं. शेंगदाणे आधी.

एक काकडी विकणाऱ्या आजी हे सगळं बघत होत्या. "त्याला माहिती हाय खाऊ कुठं असतो. इथं पिशवी पोटाशी धरायची बाबा." तिथल्या बायका पिशवी पदराखाली घेऊन पोटाशी धरतात हे मी चढताना पाहिलं होतं, अर्थ आत्ता लागला. ब्रह्मगिरीला जाणार असाल तर खाण्याचं काही दिसू देऊ नका, हातात काठी ठेवा, आणि माकडाच्या हातातून काही ओढायला जाऊ नका. कन्येचं हसू वरपर्यंत पुरलं.

परत येऊन त्या बाईंकडे जेवलो. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, आणि ताटात न मागता चिवडा. बातमी आमच्या आधी खाली पोचली होती.

दिवस चौथा : पाणथळ आणि परत

पहाटे नांदूर मध्यमेश्वर. नाशिकपासून चाळीसेक किलोमीटर, निफाड तालुक्यात, आणि डिसेंबरातला निफाड म्हणजे काय ते थर्मामीटरवाल्यांना विचारा. राज्यातल्या सगळ्यात थंड आकड्यांत त्याचं नाव दरवर्षी येतं. हातमोज्यांच्या आत मी वर्तमानपत्राचे कागद घातले. दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं, वर दव, आणि रस्त्यावर ट्रॅक्टर दिवे न लावता.

हे पक्षी अभयारण्य जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. गोदावरी आणि कादवा यांचं पाणी बंधाऱ्यामागे पसरलेलं. मचाणावरून चक्रवाकांच्या जोड्या, वारकरी पक्ष्यांचे काळे ठिपके, जांभळ्या पाणकोंबड्या बांबूच्या काटक्यांवरून चालाव्या तशा पाणवनस्पतींवरून चालत होत्या. बरोबरच्या स्थानिक गाईडने दुर्बीण कन्येच्या हातात दिली आणि नंतर परत मागायचा विसरला. दीड तास आम्ही तिघंही काही बोललो नाही.

गाडी प्रवेशद्वाराशी होती, सगळं सामान लादलेलं, कारण तिथून थेट घरी. मी साखळी लावली. खांब नव्हता, एक बाभूळ होती. परत आलो तर बाभळीखाली दोन शाळकरी पोरं बसलेली. "काका, आम्ही बघत होतो गाडीकडं." किती द्यायचे विचारलं तर म्हणाली, पैसे नको, अलार्म वाजवून दाखवा. वाजवला. तीनदा. समोरच्या पाण्यावरून काही बगळे उडाले आणि गाईडने मला जी नजर दिली ती मी विसरणार नाही.

सिन्नरला काकांच्या दुकानासमोर हॉर्न दिला. त्यांनी येऊन स्टेचे नट हाताने हलवून पाहिले, मान डोलावली, आणि आत गेले.

आळेफाट्याच्या पुढे एका हॉटेलात चहाला थांबलो. दहा मिनिटं. गाडी दिसेल अशा जागी बसायचं हा माझाच नियम, पण कन्येला उन्हातलं टेबल हवं होतं. परत आलो. हँडल लॉक जागेवर. डिस्क लॉक जागेवर, आणि हो, या वेळी मी ते आधी काढलं. दोन्ही बॅगा, दोन्ही नंबरवाली कुलुपं जशीच्या तशी.

मागच्या रॅकवरची बंजीची जाळी गेली होती. दोनशे रुपयांची. तिच्याखालचा माझा रेनकोट चोराने नीट घडी करून सीटवर ठेवला होता.

कन्या वाकून रॅक बघत होती. "बाबा, हिला कुलूप नव्हतं ना?"